संघ मालिका हरतो, तेव्हा आपल्याला इतका त्रास का होतो?

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज. वानखेडे स्टेडियमवर भारताला न्यूझीलंडविरुद्ध जिंकायला फक्त १४७ धावा हव्या होत्या. भारताचा डाव १२१ धावांत आटोपला आणि २५ धावांनी सामना गेला. त्याआधी बंगळुरू गेले होते, पुणे गेले होते. तीन सामन्यांची मालिका ०-३ अशी, तीही घरच्या मैदानावर. त्या दुपारी अनेक घरांत ओवाळणीचे ताट तयार होते, बहीण वाट पाहत होती आणि भाऊ टीव्हीसमोरून उठायला तयार नव्हता. काही जण जेवले नाहीत. काही जण घरातल्यांवर खेकसले. काहींना रात्री झोप आली नाही.

अशा वेळी घरात दोन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. एक म्हणजे ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खेळच तर आहे’. दुसरे, जरा दबक्या आवाजातले, ‘बाबांचा बीपी वाढला असेल का हो?’ या लेखात आपण दोन्ही वाक्यांचा विचार करू. ही निराशा येते कुठून, तिचा शरीरावर काय परिणाम होतो, ती किती दिवस राहणे स्वाभाविक आहे आणि कोणत्या घरांत तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, हे पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. संघ हरल्यावर वाईट वाटणे हा आजार नाही. त्यासाठी औषध लागत नाही आणि लाज वाटण्याचेही कारण नाही.

‘आपण’ हरलो असे का वाटते?

सामना जिंकला की आपण म्हणतो, ‘आपण जिंकलो’. मैदानावर अकरा खेळाडू असतात, पण बोलताना आपण स्वतःला त्यांच्यात धरतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत हेच नोंदवले होते. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की विद्यार्थी सोमवारी विद्यापीठाचे नाव असलेले कपडे जास्त घालत आणि बोलताना ‘आम्ही’ म्हणत. हरला की तेच विद्यार्थी ‘ते’ म्हणू लागत. आपल्याकडेही ‘आपण जिंकलो’ आणि ‘हे लोक हरले’ ही दोन वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात.

कट्टर चाहत्याला मात्र असे सहज अंग काढून घेता येत नाही. त्याने लहानपणापासून हा संघ मनात जपलेला असतो. वडिलांबरोबर रेडिओवर ऐकलेले समालोचन, गल्लीतले क्रिकेट, शाळा बुडवून पाहिलेला सामना, अशा कितीतरी आठवणी त्याला चिकटलेल्या असतात. म्हणून पराभव झाला की त्याला स्वतःचे काहीतरी गेल्यासारखे वाटते. असेही दिसून आले आहे की आपला संघ हरल्यानंतर चाहते काही काळ स्वतःच्या क्षमतेबद्दलही कमी आत्मविश्वासाने बोलतात. म्हणजे ‘आज काहीच करावंसं वाटत नाही’ ही तक्रार नाटक नसते.

दुसरे कारण अपेक्षेचे. मिळवल्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावल्याचे दुःख माणसाला जास्त बोचते. आणि जे हमखास आपले आहे असे वाटत होते, ते गेले तर आणखी बोचते. २०१२-१३ मध्ये इंग्लंडकडून हरल्यानंतर भारताने मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या. जवळजवळ बारा वर्षे. आज पंचविशीत असलेल्या तरुणाने जाणतेपणी घरच्या मैदानावर कसोटी मालिकेतली हार पाहिलीच नव्हती. पुण्यात गहुंजेच्या मैदानावर मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि ती मालिका संपली, तेव्हा त्या तरुणासाठी एक सवयीचा आधारच निघून गेला.

तिसरे कारण म्हणजे मालिकेचा पराभव एका दिवसात होत नाही. एक सामना हरलो तर ‘वाईट दिवस होता’ असे म्हणता येते. मालिकेत प्रत्येक पराभवानंतर नवी आशा धरायची आणि ती पुन्हा मोडायची, असे दोन-तीन आठवडे चालते. बंगळुरूत ४६ धावांत सर्व बाद झाल्यावरही दुसऱ्या डावातल्या ४६२ धावांनी आशा जागी केली. वानखेडेवर ऋषभ पंतने ६४ धावा केल्या, तेव्हा पुन्हा वाटले की जमेल. अशा वर-खाली होण्याने मन जास्त थकते.

शरीरात काय घडते?

चुरशीचा सामना पाहताना तुम्ही सोफ्यावर बसलेले असलात, तरी शरीर धोक्याच्या वेळी जसे वागते तसे वागू लागते. अॅड्रिनलिन वाढते. हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो, तळहातांना घाम येतो. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक रक्तात साखर सोडते. रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. खऱ्या संकटात पळायचे किंवा लढायचे असेल, तर हे सगळे उपयोगी आहे. इथे मात्र पळायला जागा नाही आणि लढायला कोणी नाही. तयार झालेली ताकद तशीच अंगात राहते.

म्हणूनच सामना संपल्यावरही तास-दोन तास:

- छातीत धडधड जाणवते,
- डोके जड होते किंवा दुखते,
- पोटात गोळा येतो, भूक मरते, किंवा उलट खा-खा सुटते,
- चिडचिड होते,
- अंथरुणावर पडल्यावर शेवटचे बळी डोळ्यांसमोर येत राहतात.

निरोगी माणसात ही लक्षणे आपोआप शांत होतात. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. त्यानंतरही विषय निघाला की चुटपुट लागते, ते ठीक आहे. पण कामावर जाणे, जेवण, झोप आणि माणसांशी बोलणे हे पूर्ववत झाले पाहिजे.

मन पुन्हा पुन्हा तिथेच का जाते?

‘बंगळुरूत नाणेफेक जिंकून आधी फलंदाजी घेतलीच का?’ हा प्रश्न त्या महिन्यात लाखो लोकांनी स्वतःला विचारला असेल. निकाल कळल्यानंतर आधीचा प्रत्येक निर्णय सोपा वाटू लागतो. ‘मला माहीतच होतं’ असेही आपण म्हणतो. खरे तर सकाळी आपल्यालाही माहीत नव्हते.

घडून गेलेल्या गोष्टीवर विचार करणे वेगळे आणि तीच चकती फिरवत राहणे वेगळे. विचारातून काही निष्पन्न होते. चकती फिरवण्यातून मनःस्थिती फक्त खालावत जाते. फरक ओळखायची एक साधी खूण आहे. गेल्या अर्ध्या तासात तुम्हाला एक तरी नवी गोष्ट सुचली का? नसेल, तर तुम्ही चकती फिरवत आहात.

मोबाइल हे काम आणखी सोपे करतो. त्याच विकेटचे व्हिडिओ, त्याच शिव्या, तेच विनोद रात्री एक वाजेपर्यंत समोर येत राहतात. प्रत्येक वेळी शरीर थोडेसे पुन्हा तापते. अमुक खेळाडूला काढा, तमुक निवृत्त व्हा, असे लिहून मन मोकळे होते असे वाटते, पण रागात लिहिल्याने राग बहुधा वाढतोच. समोरच्या कुणीतरी तितक्याच रागात उत्तर दिले की रात्र गेलीच म्हणून समजा.

कोणी जास्त जपायला हवे?

बहुतेकांसाठी ही निराशा दोन दिवसांची पाहुणी असते. पुढील लोकांच्या बाबतीत मात्र घरच्यांनी लक्ष ठेवावे.

*१. हृदयविकार असलेले रुग्ण.* जर्मनीत २००६ चा फुटबॉल विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरात अभ्यास झाला होता. ज्या दिवशी जर्मनीचा सामना असे, त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण इतर दिवसांच्या तुलनेत सुमारे २.७ पट होते. पुरुषांमध्ये ते तीन पटींहून अधिक होते. सर्वाधिक त्रास सामना सुरू झाल्यापासून पहिल्या दोन तासांत झाला. आधीपासून हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्यांना धोका जास्त होता. इंग्लंडमध्येही १९९८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरल्याच्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी वाढली होती.

हे अभ्यास फुटबॉलचे आहेत. कसोटी क्रिकेटची गती वेगळी आहे, त्यामुळे तेच आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. शिवाय निरोगी माणसाच्या बाबतीत एका सामन्याने वाढणारा धोका अगदी थोडा असतो. पण ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, ज्यांच्या छातीत चालताना दुखते, त्यांनी काळजी घ्यावी एवढा अर्थ यातून नक्की निघतो.

*२. रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण.* यांच्या बाबतीत सामन्यापेक्षा सामन्याभोवतीच्या गोष्टी जास्त त्रास देतात. सकाळची गोळी राहते. जेवणाची वेळ टळते. चहाचे कप वाढतात. दिवाळीत सामना असेल तर चकली, शेव, चिवडा हाताशीच असतो आणि मीठ किती गेले हे कळत नाही. अमेरिकेत फुटबॉल संघ हरल्यानंतरच्या दिवशी त्या शहरातील लोक तुपकट-तेलकट पदार्थांतून नेहमीपेक्षा सुमारे १६ टक्के जास्त संपृक्त मेद खातात, असे एका अभ्यासात दिसले होते. दुःखात हात डब्याकडे जातो, हे तिथेही खरे आणि इथेही.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘मूड नाही’ म्हणून जेवण टाळणे धोक्याचे आहे. साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही लक्षणे ‘हरल्याचा धक्का’ समजून सोडून देऊ नका. लगेच साखर तपासा. यंत्र नसेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि नंतर जेवण द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालयात न्या.

*३. झोप मोडून सामने पाहणारे.* न्यूझीलंडनंतर लगेच ऑस्ट्रेलिया दौरा होता. तीही मालिका भारताने १-३ अशी गमावली. मेलबर्न आणि सिडनीचे सामने आपल्याकडे पहाटे ५ वाजता सुरू होत होते. तिकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला पुण्याचा सामना पाहायला मध्यरात्री १२ वाजता बसावे लागत होते. सलग चार-पाच दिवस अशी झोप मोडली की माणूस हरण्याआधीच चिडचिडा झालेला असतो. हृदयाच्या दृष्टीनेही पहाटेची वेळ नाजूक असते. या वेळी रक्तदाब नैसर्गिकरीत्याच चढत असतो.

*४. आधीपासून उदास असलेले.* नोकरी गेलेली, घरातले कुणी गेलेले, परीक्षेत अपयश आलेले, नैराश्यावर उपचार चालू असलेले. अशा माणसासाठी सामना हा आठवड्यातला एकमेव आनंद असू शकतो. तो गेला की वरवर क्रिकेटचे वाटणारे रडू आतून दुसऱ्याच कशाचे असते.

छातीत दुखत असेल तर वाट पाहू नका

पराभवानंतर छातीत कसेसे झाले तर घरात हमखास म्हटले जाते, ‘गॅस झाला असेल’ किंवा ‘टेन्शन घेतलंय’. ही दोन वाक्ये अनेकांचा मौल्यवान वेळ घालवतात. पुढीलपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या:

- छातीत दडपण, आवळल्यासारखे किंवा जळजळल्यासारखे वाटणे आणि ते काही मिनिटांत न थांबणे,
- दुखणे डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणे,
- दरदरून थंड घाम, दम लागणे, मळमळ, चक्कर,
- एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे (ही पक्षाघाताची लक्षणे आहेत).

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांना छातीत न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. फक्त दम, घाम आणि कमालीचा अशक्तपणा एवढेच लक्षण असू शकते. रुग्णाला बसवा, जिने चढू देऊ नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. जिभेखालची गोळी तुमच्या डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल, तरच त्यांनी सांगितल्याप्रमाणे द्या. शेजारच्या काकांची गोळी देऊ नका.

घरी रक्तदाब मोजायचा असेल तर सामना संपताक्षणी मोजू नका. तेव्हा तो चढलेला असणारच आणि आकडा पाहून घाबरल्याने आणखी चढेल. टीव्ही बंद करा, पाच-दहा मिनिटे पाठ टेकून शांत बसा, मग मोजा. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे असेल, तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. तरीही तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. सोबत छातीत दुखणे, दम, नजर अंधुक होणे किंवा तीव्र डोकेदुखी असेल, तर पुन्हा मोजत न बसता रुग्णालयात जा.

राग घरातल्यांवर निघतो तेव्हा

या विषयावर आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की जिंकण्याची अपेक्षा असताना स्थानिक फुटबॉल संघ अनपेक्षितपणे हरला, तर पुरुषांनी घरात पत्नीवर किंवा जोडीदारावर हात उगारण्याच्या तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. आपल्याकडे असा अभ्यास असो वा नसो, रिमोट फेकणे, ताट ढकलून देणे, मुलाला उगाच धपाटा घालणे हे अनेक घरांनी पाहिले आहे. त्यात दारू असेल तर प्रसंग हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

तुम्हाला स्वतःबद्दल असे जाणवत असेल, तर तीन गोष्टी करा. सामना पाहताना दारू घेऊ नका. शेवटच्या सत्रात राग चढतोय असे वाटले, तर उठून बाहेर जा आणि निकाल नंतर कळू द्या. आणि तुमच्यामुळे घरातले सामन्याच्या दिवशी घाबरून वागतात का, हे त्यांनाच एकदा शांतपणे विचारा. उत्तर ‘हो’ असेल, तर प्रश्न क्रिकेटचा नाही. समुपदेशकाची मदत घ्या.

आणि तुम्ही त्या घरातल्या पत्नी, आई किंवा मुलगी असाल, तर हे लक्षात ठेवा. संघ हरला हे मारहाणीचे कारण होऊ शकत नाही, आणि ‘त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं’ असा दोष स्वतःकडे घेऊ नका. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

पैसे लावले असतील तर

काही जणांची निराशा दोन आठवडे उलटले तरी जात नाही, जेवण जात नाही, फोन आला की दचकायला होते. अशा वेळी घरच्यांनी हळुवारपणे एक प्रश्न विचारावा, ‘काही पैसे अडकलेत का?’ सट्टा बेकायदेशीर आहे आणि २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदाही झाला आहे. तरीही लपूनछपून हे चालते, आणि लपवावे लागते म्हणून माणूस एकटा पडतो.

मालिकेत हे जास्त घातक ठरते, कारण पहिल्या सामन्यात गेलेले दुसऱ्यात भरून काढू, दुसऱ्यातले तिसऱ्यात, असे वाटत राहते. गेलेला पैसा परत मिळवण्यासाठी आणखी पैसे लावणे हे व्यसनाचे ठळक लक्षण आहे. कर्जवसुलीचे फोन आणि घरी कळण्याची भीती यांतून आत्महत्येचे विचार येऊ शकतात. म्हणून कळल्यावर पहिल्या दिवशी आरडाओरडा नको. आधी माणूस सुरक्षित आहे ना, हे पाहा. हिशेब नंतर करता येतो. जुगाराच्या व्यसनावर मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार आहेत.

आज रात्री काय करावे?

- *टीव्ही बंद करा.* सामन्यानंतरची चर्चा, टीकाकारांची भांडणे उद्या सकाळीही वाचता येतील. आज ती ऐकून निकाल बदलणार नाही.
- *अर्धा तास चाला.* शरीरात साठलेली ताकद हालचालीनेच खर्च होते. हृदयरुग्णांनी नेहमीच्याच वेगाने चालावे. रागाच्या भरात पळायला जाऊ नये, जड वजन उचलू नये.
- *वेळेवर जेवा, गोळ्या घ्या.* पराभव झाला तरी रात्रीची गोळी रात्रीचीच आहे.
- *संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको.* कॉफीतील कॅफिन निम्मे उतरायलाही साधारण पाच तास लागतात.
- *एकाशी बोला.* मित्राला फोन करा, मनसोक्त शिव्या घाला, हसा. पण वेळ ठरवा. वीस मिनिटे झाली की विषय बदला.
- *श्वास हळू सोडा.* नाकाने सावकाश श्वास घ्या आणि त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडा. पाच मिनिटे असे केल्याने धडधड कमी होते.
- *झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.* झोप लागत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत काहीतरी वाचा. झोप आली की परत या.

पुढच्या मालिकेसाठीही थोडी तयारी करता येते. हृदयविकार असेल तर एकटे बसून सामना पाहू नका. दर तासाला उठा. पहाटेचा सामना असेल तर आदल्या रात्री लवकर झोपा, नाहीतर सरळ सकाळी उठून धावसंख्या पाहा. ताण असह्य होतो असे अनुभवास आले असेल, तर शेवटचा तास न पाहता नंतर क्षणचित्रे पाहणे यात कमीपणा नाही.

घरच्यांनी काय बोलावे?

‘त्यांना कोटी कोटी मिळतात, तुम्ही का रडताय?’ हे वाक्य तर्काला धरून आहे, पण उपयोगाचे नाही. त्याने माणूस आणखी चिडतो किंवा गप्प होतो. त्याऐवजी ‘वाईट झालं खरं, चला जेवून घेऊ’ एवढे पुरते. सल्ला दुसऱ्या दिवशी द्यावा. लगेच चेष्टा करणे टाळावे. आणि आजोबांना धक्का बसेल म्हणून निकाल लपवण्यापेक्षा, शेजारी बसून सामना पाहणे जास्त चांगले.

लहान मुलांचे रडणे खरे असते. ‘मुलगे रडत नाहीत’ असे म्हणू नका. रडू द्या, जवळ घ्या, मग हरल्यावर खेळाडू काय करतात ते सांगा. सामना संपल्यावर दोन्ही संघ हस्तांदोलन करतात, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. वानखेडेवर त्या सामन्यात भारताचे ११ बळी घेणारा एजाझ पटेल मुंबईतच जन्मलेला. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या खेळाला दाद देता येते, हे मूल घरातल्या मोठ्यांकडे पाहूनच शिकते. तुम्ही खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबीयांना शिव्या दिल्यात, तर मूल तेही शिकेल.

डॉक्टरांना कधी भेटावे?

- दोन आठवडे उलटूनही उदासी, झोपेचा त्रास किंवा कामात मन न लागणे चालू असेल,
- प्रत्येक सामन्यानंतर दारू, मारहाण किंवा तोडफोड होत असेल,
- पैशांचे नुकसान लपवले जात असेल,
- धडधड, छातीतले दडपण सामना नसतानाही जाणवत असेल,
- ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा येत असेल. ही भाषा चेष्टेत आली तरी ती गंभीरपणे घ्या आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.

केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बाबांची बायपास झाली आहे. त्यांना सामने पाहू द्यावेत का?*
सहसा हो. प्रकृती स्थिर असेल आणि औषधे नियमित चालू असतील, तर पूर्ण बंदीची गरज नसते. बंदी घातल्याने ते दुसऱ्या खोलीत मोबाइलवर एकटेच पाहतील. नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

*सामन्याआधी रक्तदाबाची एक गोळी जास्त घेतली तर?*
नको. रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते. ठरलेली गोळी ठरलेल्या वेळी, एवढेच.

*मुलगा हरल्यापासून शाळेत जायला नको म्हणतो. काय करावे?*
एखाद्या दिवसाची कुरकुर समजण्यासारखी आहे. दोन-तीन दिवस झाले तर वर्गात कुणी चिडवते आहे का, पैज लावली होती का, अभ्यासाचे काही आहे का, हे विचारा. बऱ्याचदा क्रिकेट हे सांगायला सोपे कारण असते.

*मग क्रिकेट पाहणे सोडूनच द्यावे का?*
तशी गरज नाही. सामन्यामुळे माणसे एकत्र बसतात, बोलतात, जुन्या आठवणी निघतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तर हा मोठा आधार असतो. सोडायचे ते उपाशी राहणे, जागरण, दारू, सट्टा आणि घरातल्यांवर काढलेला राग.

वानखेडेवरच्या त्या पराभवानंतर चार महिन्यांनी, ९ मार्च २०२५ रोजी, दुबईत त्याच न्यूझीलंडला हरवून भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला. त्याच महिन्यात पुरुषांचा संघ घरच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी मालिका ०-२ अशी हरलाही. पुढेही असेच होत राहील. ते सगळे पाहायला तुम्ही आणि तुमच्या घरातली माणसे धडधाकट असायला हवीत. म्हणून आज हरलो असलो, तरी गोळी घ्या, दोन घास खा आणि झोपायला जा.